नेत्रशस्त्रक्रियेपूर्वी शस्त्रवैद्याची ओळख
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



सोने घेताना माणूस कस पाहतो, सोयरीक जुळविताना चार ठिकाणी चौकशी करतो. मात्र डोळ्याची शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचे शिक्षण किती, हे विचारताना त्याला संकोच वाटतो. डॉक्टरांचा अवमान होईल अशी भीती असते. वास्तविक ही चौकशी रुग्णाचा हक्क आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते. ती करणारा हात घडावयास मात्र वर्षे लागतात. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्षाची आंतरवासिता आणि नंतर नेत्रशास्त्रातील एम.एस. वा डी.एन.बी.ची तीन वर्षे, अशी ही सुमारे साडेआठ वर्षांची साधना होय. ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञांच्या पाटीवर दोन वर्षांच्या पदविकेची डी.ओ.एम.एस. ही अक्षरेही आढळतात; तेही मान्यताप्राप्त नेत्रतज्ज्ञच. काहीजण पुढे पडदा, काचबिंदू वा बुबुळ यांचे विशेष प्रशिक्षण घेतात. मधुमेहामुळे पडदा बिघडलेल्या रुग्णाने पडद्याच्या तज्ज्ञाकडेच जावे. चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट मोलाचे काम करतात. परंतु ते शस्त्रवैद्य नव्हेत.

लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावे लाखाहून अधिक शस्त्रक्रिया आहेत. परंतु त्यांनाही आधी एम.बी.बी.एस. आणि मग नेत्रशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण या पायऱ्या चढाव्याच लागल्या. पदवी पाया घालते, सराव त्यावर इमारत उभारतो. म्हणून दोन्हींची विचारणा करावी.

महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी क्रमांक मागितल्यास सुजाण डॉक्टर रागावत नाहीत. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, अशा किती केल्या, कोणते भिंग बसविणार, गुंतागुंत झाल्यास सोय कोठे, हेही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावे. विनामूल्य शिबिरातील रुग्णालाही हाच अधिकार आहे. शिबिरात तपासणी खुशाल व्हावी. शस्त्रक्रिया मात्र सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच व्हावी.

रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे. २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही मुले मुंबईत असल्याने कित्येक वृद्ध तेथेच शस्त्रक्रिया करवून चार दिवसांत परततात. त्यांनी आणखी एक प्रश्न विसरू नये : परतल्यावर डोळा कोण पाहणार? शस्त्रक्रियेनंतर वेदना वाढल्या, डोळा लाल झाला वा दृष्टी मंदावली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा लागतो.

डॉक्टरांवर श्रद्धा अवश्य असावी. ती चौकशीअंती बसलेली असावी, एवढेच. उतारवयात पोथीचे अक्षर आणि नातवंडाचा चेहरा दिसणे याहून मोठे सुख कोणते? त्यासाठी चार प्रश्न विचारण्याचा संकोच कोणीही बाळगू नये.