जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन : बांधावे की बदलावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रॅक्टर घेताना आपण चार गावे फिरतो, दहा जणांना विचारतो. तोच ट्रॅक्टर बारा-पंधरा वर्षांनी धूर ओकू लागला की मात्र निर्णय एका दुपारी होतो. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडलेला असतो. मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन संपले.’ शेजारी म्हणतो, ‘भंगार बाजारातून दुसरे आणून टाक.’ पेरणी डोळ्यांसमोर असते, म्हणून उसनवारी करून पैसे उभे केले जातात. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हा खर्च एका हंगामाच्या बियाणे-खतांहूनही मोठा असू शकतो. म्हणून आज आपण या निर्णयाचा शांतपणे विचार करू.

मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इंजिन बांधायचे की बदलायचे, हे धुरावरून किंवा ट्रॅक्टरच्या वयावरून ठरवू नये. ते इंजिन उघडून घेतलेल्या मापांवरून ठरवावे. आणि इंजिन कशामुळे खराब झाले हे कळल्याशिवाय दोन्हींपैकी कशावरही पैसा घालू नये.

आपण बोलतो आहोत ते साध्या डिझेल पंपावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांबद्दल. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम स्टेज ४’ ही धुराची मानके लागू झाली आहेत. त्या इंजिनांची इंधन यंत्रणा वेगळी असते व तिची तपासणीही वेगळी असते.

इंजिन खरोखरच गेले आहे का?

धूर आला म्हणजे इंजिन गेले असे नाही. धुराचा रंग पाहावा.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एअर क्लीनर तुंबला असेल, नोझल नीट फवारा मारत नसेल, पंपाचे टायमिंग चुकले असेल किंवा ट्रॅक्टरवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार असेल, तरी काळा धूर येतो. यांपैकी एकाही कारणासाठी इंजिन बांधावे लागत नाही.

पांढरा धूर सकाळी थंड इंजिनात थोडा वेळ येऊ शकतो. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यावी. हेड गॅस्केट उडालेले असू शकते किंवा हेडला तडा असू शकतो. ऑइल दुधाळ दिसले तर ट्रॅक्टर लगेच बंद करावा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. येथेही एक साधी परीक्षा आहे. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरच्या नळीकडे पाहावे. तेथून जोराने भकाभका वाफ व धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. ब्रीदर शांत आहे, पण बराच वेळ मंद चालवून रेस दिल्यावर निळा लोट येतो, असे असेल तर ऑइल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते आहे. अशा वेळी फक्त हेडचे काम पुरेसे होऊ शकते.

इंजिन तापल्यावर मंद गतीत ऑइलचा दाब अगदी खाली जात असेल आणि भार पडल्यावर खालून ठोक्याचा आवाज येत असेल, तर बेअरिंग झिजल्याचा संशय घ्यावा. असा ट्रॅक्टर ‘एवढी पेरणी होऊ दे’ म्हणून चालवत राहिल्यास क्रँक खराब होतो. जे काम बेअरिंग बदलून भागले असते, ते क्रँकवर जाते.

म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी एअर क्लीनर, नोझल, टॅपेट, पंपाचे टायमिंग, ऑइलचा दाब व ब्रीदर या सहा गोष्टी तपासून घ्याव्यात. रोज किती ऑइल टाकावे लागते आणि तासाला किती डिझेल लागते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवावी. मिस्त्रीला ही वही दाखविली की अंदाजाने बोलण्याचे कारण राहत नाही.

इंजिन कशाने खराब झाले?

आपल्याकडे इंजिनाचा पहिला शत्रू धूळ आहे. उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटरचे काम धुळीत चालते. ऑइल बाथ एअर क्लीनरमधील ऑइल गाळाने घट्ट झाले किंवा क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरली, तर धूळ सरळ लायनरमध्ये जाते. अशा इंजिनात लायनरचा वरचा भाग आणि वरची रिंग जास्त झिजलेली आढळते.

दुसरे कारण उष्णता. मळणीच्या वेळी रेडिएटरची जाळी भुशाने भरते. बोअरचे जड पाणी वापरल्याने आत क्षार बसतात. पिस्टनवर चिकटल्याच्या खुणा किंवा हेडला तडा दिसला तर दोष पाणी थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत आहे. तिसरे कारण ऑइल वेळेवर न बदलणे, आणि चौथे म्हणजे ताकदीबाहेर ओढलेल्या उसाच्या ट्रॉल्या.

कारण तसेच ठेवून नवे इंजिन बसविले तर तेही त्याच वाटेने जाईल. दोनशे रुपयांच्या फाटक्या नळीपायी हजारो रुपयांचे काम दुसऱ्यांदा करणारे शेतकरी आहेत.

उघडल्यावर काय मोजावे?

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची चाचणी झाल्यावर इंजिन उघडून भागांची मापे घेतात आणि कंपनीने ठरविलेल्या झिजेच्या कमाल मर्यादेशी ताडून पाहतात. आपणही हेच करावे. डोळ्यांनी पाहून ‘चालेल’ किंवा ‘गेले’ म्हणणे म्हणजे मोजमाप नव्हे.

लायनरचे माप वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी घ्यावे. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे माप मायक्रोमीटरने घ्यावे व तो गोल राहिला आहे का ते पाहावे. ही मापे कागदावर लिहून घ्यावीत आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मर्यादा शेजारी मांडावी.

लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग हे भाग बदलण्यासाठीच बनविलेले असतात. ते झिजले म्हणून घाबरू नये. निर्णय दोनच भागांवर ठरतो, क्रँक आणि ब्लॉक.

क्रँक घासून ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मि.मी. कमी मापाची बेअरिंग बसविता येतात. पूर्वी कितव्या मापापर्यंत घासला आहे ते पाहावे. शेवटचे माप वापरून झाले असेल तर नवा क्रँक घ्यावा लागतो आणि सगळा हिशोब बदलतो.

ब्लॉकमध्ये लायनर बसण्याची कड पाण्याने खाल्ली आहे का, लायनरच्या खालच्या रबरी रिंगेच्या जागी खड्डे आहेत का, तडा आहे का आणि मुख्य बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत का, हे चांगल्या वर्कशॉपमध्ये तपासावे. ब्लॉक निरोगी असेल तर इंजिन बांधणे बहुधा परवडते. ब्लॉक खराब असेल तर त्यात नवे किट घालणे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर रंग देणे होय.

तीन मार्ग आणि त्यांचा हिशोब

आपल्यापुढे तीन मार्ग असतात. आहे तेच इंजिन पूर्ण बांधणे, भंगार बाजारातून जुने इंजिन आणणे, किंवा कंपनीचे नवे इंजिन बसविणे. यांची तुलना एकूण रकमेवर न करता कामाच्या तासावर करावी. पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. आपण आपल्या भागातील दर घालावेत.

समजा, इंजिन बांधण्यास ७०,००० रुपये लागले आणि ते ३,५०० तास चालले, तर तासाला २० रुपये पडतात. नवे इंजिन १,५०,००० रुपयांना बसले आणि ६,००० तास चालले, तर तासाला २५ रुपये. भंगारातील इंजिन बसवून ५०,००० रुपयांत पडले आणि ३,००० तास चालले, तर तासाला सुमारे १७ रुपये. मात्र ते १,००० तासांतच थकले तर तासाला ५० रुपये पडतात. स्वस्त दिसणारे इंजिन असे सर्वांत महाग ठरू शकते. त्याचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नसतो. घ्यायचेच असेल तर चालवून, ब्रीदर व ऑइलचा दाब पाहून आणि पावती घेऊनच घ्यावे.

आता वर्षाचा वापर पाहा. वर्षाला ४०० तास ट्रॅक्टर चालत असेल तर बांधलेल्या इंजिनाचे ३,५०० तास जवळजवळ नऊ वर्षे पुरतात. नव्या इंजिनाचे ६,००० तास पंधरा वर्षे पुरतील. पण तोवर गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा ॲक्सल टिकेल का? घरच्या शेतीपुरत्या वापराला इंजिन बांधणे बहुधा बरे पडते. भाडोत्री कामावर वर्षाला हजार तास चालणाऱ्या, बाकी अंगाने धडधाकट ट्रॅक्टरला नवे इंजिन शोभते. आणि इंजिनासोबत गिअरबॉक्स, क्लच व टायरचाही खर्च समोर उभा असेल, तर ट्रॅक्टर आहे तसा विकण्याचा विचार करावा.

दुरुस्ती लांबविणेही फुकट नसते. झिजलेल्या इंजिनाने तासाला अर्धा लिटर डिझेल जास्त खाल्ले, तर ४०० तासांत २०० लिटर होतात. लिटरला ९० रुपये धरल्यास वर्षाला १८,००० रुपये धुरात जातात.

सुटे भाग मिळतात का, ही चौकशी आधी करावी. पिंजोर येथील एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. मॉडेल बंद झाले म्हणजे भाग मिळतच नाहीत असे नाही, पण इंजिन उघडून पडल्यावर शोधाशोध करण्यात हंगाम जातो.

कागदपत्रे विसरू नका

नोंदणी पुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते व नव्या क्रमांकाची नोंद करावी लागते. ती नसेल तर विमा, अपघात किंवा विक्रीच्या वेळी अडचण येते. बिनपावतीचे इंजिन चोरीचे निघाल्यास त्रास वेगळाच. ट्रॅक्टरच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाची चौकशीही याच वेळी करावी.

काम करून घेताना आणि नंतर

काम ऊस वाहतूक संपल्यावर, मे महिन्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी काढावे. कोणते भाग, कोणत्या मापाचे, किती किमतीचे, हे लेखी घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. डिझेल पंप व नोझल टेस्ट बेंचवर तपासून घ्यावेत. हेडचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळावेत.

बांधलेल्या इंजिनाला पहिले ५० तास जपावे. नांगरट किंवा भरलेली ट्रॉली देऊ नये. मात्र ते तासन् तास रिकामेही चालवू नये, कारण लायनर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत आणि ऑइल जळू लागते. मध्यम भाराची फणपाळीसारखी कामे द्यावीत. सुमारे ५० तासांनी ऑइल व फिल्टर बदलावे आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टॅपेट व हेडचे नट तपासावेत.

बंधू-भगिनींनो, जनावर आजारी पडले की आपण आधी रोग ओळखतो, मग औषध देतो. इंजिनाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवा. आधी तपासणी, मग कारण, मग माप, मग तासाचा हिशोब आणि शेवटी निर्णय. या क्रमाने गेलात तर मिस्त्रीचा अंदाज आणि शेजाऱ्याचा सल्ला दोन्ही ऐकून घ्या, पण पैसा तुमच्याच आकड्यांवर खर्च होईल.