देवडीवर अडलेली अहिराणी



मी साहित्याचा शिक्षक. तरी आज एपीआय गेटवेविषयी बोलणार आहे, कारण आमचे भाषेचे काम सध्या तिथेच अडले आहे.

सुरतेत लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती नाहीतर हिंदी. आमच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या आज्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या आणि त्यांचा गुजराती अनुवाद करणारे छोटे अ‍ॅप तयार केले. अनुवाद करणारी मॉडेल मात्र दूरच्या सर्व्हरवर असतात. अ‍ॅप आणि मॉडेल यांच्यामध्ये हे गेटवे असते. जुन्या वाड्याची देवडी म्हणा ना! आलेल्याची किल्ली तपासायची, दर मिनिटाला किती जणांना आत सोडायचे ते मोजायचे, कोणाला कोणत्या दालनात पाठवायचे ते ठरवायचे आणि सगळ्याची नोंद ठेवायची.

या देवडीवर पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. आम्ही ‘मराठी’ लिहिले. दुसरे काय लिहिणार? यादीत अहिराणी नव्हतीच. एका आजी म्हणाल्या होत्या, ‘मना आंडोर मीलमा कामले जास.’ आंडोर म्हणजे मुलगा. गुजरातीत उतरले ते अंडे कामाला गेल्याचे! विद्यार्थी हसले. त्या आजींचा नातू त्याच वर्गात बसला होता. तो हसला नाही.

आयएसओ 639-3 या मानकात अहिराणीला स्वतंत्र संकेत आहे, ‘एएचआर’. पण संकेत असला म्हणजे मॉडेल शिकलेले असते असे नाही. 2022 च्या जुलैत गांधीनगरला सुरू झालेल्या ‘भाषिणी’चा मुख्य भरही आठव्या अनुसूचीतील 22 भाषांवर आहे, आणि अहिराणी त्यांत नाही.

दुसरी अडचण उशिरा लक्षात आली. एक मॉडेल व्यग्र असले की आमचे गेटवे मजकूर गुपचूप दुसऱ्याकडे वळवी. एकाच वाक्याचे सोमवारी एक भाषांतर, गुरुवारी दुसरे. संपादनाला हे चालत नाही. हस्तलिखिताची प्रत कोणाची, हे आपण विचारतोच की! आता प्रत्येक अनुवादाशेजारी मॉडेलचे नाव व तारीख नोंदतो. गेटवेच्या नोंदीत आज्यांची नावे, सासर-माहेरची भांडणे तशीच साठत होती; ती साठवण बंद केली आणि नावे आधीच बदलून पाठवू लागलो. खरे तर हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. चूक माझी.

अहिराणीसाठी आम्ही स्वतःची शब्दयादी केली आहे. मजकूर गेटवेकडे जाण्याआधी अ‍ॅप त्यातले शब्द ओळखते आणि अर्थ सोबत जोडून पाठवते. अंडे गेले, मुलगा परत आला. मात्र धुळ्याची अहिराणी आणि जळगावची अहिराणी एक नव्हे. गेल्या आठवड्यात त्याच आजींना यादी वाचून दाखवली, तर त्यांनी तीन शब्द खोडायला लावले. म्हणाल्या, ‘हाऊ शबद आमना गावना नही.’ ते कोणत्या गावचे, हे आता शोधतो आहोत.