छपरातली वीज आणि तिचा पुरता हिशेब

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. 2022-23 च्या राज्य अर्थसंकल्पात महाराजांच्या स्मारकासाठी तरतूद जाहीर झाली. अशा स्थळी भाविकांसाठी सभागृहे, निवारे, वाहनतळ लागतातच. त्यांचे नकाशे काढताना एक प्रश्न आधीच विचारला पाहिजे. सौर पॅनेल मागाहून छपरावर बसवावयाचे, की छप्परच पॅनेलचे करावयाचे?

दुसऱ्या पद्धतीत पत्रा वाचतो आणि त्यासाठी लागणारे पोलाद व कोळसाही वाचतो; ही बाजू जमेची होय. खर्चाच्या बाजूस पॅनेलच्या निर्मितीस लागलेली ऊर्जा येते. आपल्याकडील उन्हात मोकळ्या छपरावरील पॅनेल ती साधारण एक ते दोन वर्षांत परत करते आणि पुढे पंचवीस वर्षांपर्यंत वीज देत राहते. मात्र हा हिशेब खालून वारा खेळणाऱ्या, योग्य दिशेस कललेल्या पॅनेलचा आहे. तोच आकडा भिंतीतल्या पॅनेलला लावणे म्हणजे बागायतीचे उत्पन्न जिरायतीच्या सातबाऱ्यावर चढविणे होय.

पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यावर प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. वारा कोंडलेले पॅनेल वैशाखात 65 अंशांवर गेले, तर 12 ते 16 टक्के घट आलीच. शिवाय खालची खोली तापते ती निराळी. छप्पर व पॅनेल एकच असले, तरी खाली हवेची वाट ठेवणे अगत्याचे आहे.

भिंतींचे गणित आणखी वेगळे. युरोपात सूर्य आकाशात खाली असल्याने दक्षिणेकडील भिंत उपयोगी पडते. वढू सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि दक्षिण भिंतीवर त्या वेळी थेट ऊन पडतच नाही. नवी मुंबईत कंट्रोल-एस या डेटा केंद्राच्या चारही भिंतींवर मिळून सुमारे 863 किलोवॅट क्षमतेची पॅनेल बसविलेली आहेत. उंच इमारत, अपुरी गच्ची आणि अहोरात्र विजेची गरज असेल, तेथे ते समजण्यासारखे आहे. ज्या गावात छपरे मोकळी आहेत, तेथे भिंतीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

शाळेच्या बाबतीत सावधगिरी हवी. जूनमध्ये एक पॅनेल फुटले की वीज जाते आणि वर्गही गळतो. दहा वर्षांनी त्याच मापाचे पॅनेल मिळेलच असे नाही. म्हणून प्रचलित माप घ्यावे आणि दोन-चार नग राखून ठेवावेत. वर्गखोलीवर पक्के छप्पर ठेवून त्यावर पॅनेल उभारणे अधिक शहाणपणाचे. याउलट वाहनतळावर पॅनेलचेच छप्पर शोभते. खालून वारा मिळतो आणि थोडे गळले तरी कोणाचे बिघडत नाही. महामार्ग व सणसवाडी-कोरेगाव भीमाचे कारखाने जवळ असल्याने धूळ बसणार, तेव्हा छपराला चांगला उतार द्यावा आणि धुण्यासाठी वर जाण्याची वाट आराखड्यातच दाखवावी.

शेवटी विल्हेवाट. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश आहे. भिंतीला डिंकाने चिकटविलेले पॅनेल काढताना फुटते. काच, अ‍ॅल्युमिनियम व चांदी वेगळी करणे मग कठीण जाते. नटबोल्टने जोडलेले पॅनेल अखंड निघते. तेव्हा निविदेतच जोडणीची पद्धत, सुट्या नगांची संख्या आणि जुनी पॅनेल परत नेण्याची जबाबदारी लिहून घ्यावी, व त्या कराराची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.