शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास कसा करावा?



भुसावळ–सुरत लोहमार्गाने गेल्या काही पिढ्यांत खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. कोणी यंत्रमागावर उभे राहिले, कोणी कापडाच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत. अशा घरातील एखादा मुलगा वा मुलगी जेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविते, तेव्हा साऱ्या वस्तीला आनंद होतो. सुरतेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ पासून आहे. पुढे तेथील महानगरपालिकेनेही स्वतःचे महाविद्यालय काढले. पण प्रवेशाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे तीन विषय समोर ठाकतात, आणि ते सुमारे एका वर्षात पुरे करावयाचे असतात. मातृभाषेत शिकून आलेल्या विद्यार्थ्याला येथे इंग्रजी ग्रंथांचा डोंगर दिसतो आणि तो घोकंपट्टीला लागतो.

शरीररचना काही अंशी पाठांतराने साधते, कारण हाडाला नाव असते आणि ते लक्षात ठेवावेच लागते. शरीरक्रियाविज्ञानाची गोष्ट निराळी आहे. तेथे नावापेक्षा कार्यकारणाची साखळी महत्त्वाची. मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपास होते, हे वाक्य पाठ करण्यास अर्धा मिनिट पुरे. परंतु उरलेले पाणी कोठे गेले, ते परत कोणी घेतले, आणि घेतले नसते तर काय झाले असते, हे ज्याने स्वतःला विचारले नाही त्याने मूत्रपिंड शिकले असे म्हणता येणार नाही.

याच संदर्भात एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. निरोगी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सकाळी सुमारे एक लिटर साधे पाणी पितो आणि दर अर्ध्या तासाने मूत्र मोजतो. तासाभरात मूत्राचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि दोन-तीन तासांत बहुतेक पाणी बाहेर पडते. दुसऱ्या एखाद्या दिवशी तितक्याच पाण्यात शेकडा ०.९ या प्रमाणात मीठ घालून ते प्याले, तर मूत्र थोडेसेच वाढते. पाणी तितकेच असता हा फरक का पडावा? साध्या पाण्याने रक्त किंचित पातळ होते, मेंदूतील संवेदी पेशींना ते कळते, पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा स्राव घटतो आणि मूत्रपिंड पाणी सोडून देते. मिठाच्या पाण्याने रक्ताची तीव्रता बदलत नाही, म्हणून ती सूचना सुटतच नाही. मोजपात्र हाती धरून ज्याने हे पाहिले, त्याला ते प्रकरण पुन्हा घोकावे लागत नाही. शिवाय उद्या आरोग्य केंद्रात कोणी ‘सलाईन लावा’ असा हट्ट धरला, तर ती बाटली कोणाला हवी आणि कोणाला नको, हे त्याला उमजते.

पूर्वी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर त्याचे आलेख काढीत. आता त्या जागी बहुतांशी संगणकावरील प्रतिकृती आल्या आहेत. बेडकांचा जीव वाचला हे इष्टच झाले. मात्र पडद्यावरील आलेख शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणे फार सोपे असते. म्हणून नाडी, रक्तदाब, श्वासाची गती ही मोजमापे विद्यार्थ्याने स्वतःच्या व मित्राच्या शरीरावर वारंवार घ्यावीत. बसून, उभे राहून, जिने चढून. दर खेपेस आकडा का बदलला ते मोजण्यापूर्वी लिहून काढावे आणि मग ताडून पाहावे. तर्क चुकला की नेमके कोठे वाचावयाचे ते समजते.

वाचनाची रीतही बदलावी लागते. एकच परिच्छेद पाचदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर बाणांनी ती साखळी काढावी. जेथे बाण अडतो तेवढेच पुन्हा वाचावे. दोन दिवसांनी, मग आठवड्याने हेच करावे. समजले की नाही याची खरी कसोटी मात्र घरी लागते. रंगाईच्या कारखान्यातून दमून आलेल्या वडिलांच्या पायांत गोळे का येतात, हे लिंबायतच्या विद्यार्थ्याने त्यांना अहिराणीत सांगून पाहावे. सुरतेची हवा दमट; तेथे घाम येतो पण चटकन वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. हे इंग्रजी संज्ञांच्या आधारावाचून सांगता आले, तर विषय पचला असे समजावे. परीक्षेसाठी त्या संज्ञा पुढे शिकता येतात.

कार्यकारण जाणल्याने काय साधते याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले. लहान आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे संशोधकांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले. आज घरोघरी सांगितले जाणारे, एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण त्याच ज्ञानातून आले आहे. साखर कशासाठी, असे मातेने विचारले तर ‘चवीसाठी’ असे उत्तर देणारा डॉक्टर पदवीधर असला तरी त्याचे हे प्रकरण शिकावयाचे राहिले आहे.

२०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ नेण्याची तरतूद आहे. दक्षिण गुजरातच्या आणि लगतच्या नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल रक्तदोष, भातशेतीत व उसाच्या फडांत काम करणाऱ्यांना होणारा आणि मूत्रपिंडांवर घाला घालणारा लेप्टोस्पायरोसिस, हे रुग्ण सुरतेच्या विद्यार्थ्याला दूरचे नाहीत. सकाळी रक्तपेशींचे प्रकरण वाचले असेल, तर दुपारी त्या खाटेजवळ घटकाभर उभे राहावे.

शालेय शिक्षकांनाही या कामी पुष्कळ करता येईल. आठवी-नववीच्या मुलांना मैदानावर एक फेरी धावावयास लावून नाडी आधी किती होती, नंतर किती झाली आणि पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागली, याचा तक्ता फळ्यावर मांडता येतो. त्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ तेवढे लागते.