दूरची ओळख

आज पदवी हातात घेतलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अभिनंदन तर तुमचं आज घरीदारी होईलच. त्याच्या पाठोपाठ "मग आता पुढं काय?" हा प्रश्न येईल आणि विचारणाऱ्याच्या खिशात उत्तरही तयार असेल. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी, नाहीतर सुप्याची एमआयडीसी. यातलं एकही उत्तर वाईट नाही. पण मामा, चुलते, मित्र, शेजारी सगळे हीच चार नावं घेतात, कारण त्यांच्या ओळखीही एकमेकांतच फिरतात.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं. बॉस्टनजवळच्या नोकरदारांना त्याने विचारलं, नोकरीची बातमी कुणाकडून कळली? बऱ्याच जणांनी अधूनमधूनच भेटणाऱ्या माणसाचं नाव घेतलं. २०२२ मध्ये लिंक्डइन या कामधंद्याच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. नोकरी बदलताना जराशा सैल ओळखीच सर्वांत कामी येतात आणि घट्ट ओळखी सर्वांत कमी, असं त्यातही दिसलं.

खरं तर हे कळायला आपल्याला जिल्ह्यातल्याच लोणी गावाच्या पुढे जायची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील जेमतेम शिकलेले शेतकरी. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. दोघांत ना भावकी, ना सोयरीक, ना गाव एक. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभं करण्याची ताकद विखे पाटलांकडे होती. अर्थकारणाची जाण आणि सरकारदरबारचं वजन गाडगिळांकडे. १९५० मध्ये प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा अध्यक्ष होते गाडगीळ. हे दोघे आपापल्या वर्तुळातच राहिले असते, तर या पट्ट्याचं चित्र वेगळं असतं.

आज असा वर्तुळाबाहेरचा माणूस शोधायला पुण्याची एसटी धरावी लागत नाही. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठं आहे, काय काम करतं, ते तिथं दिसतं. नोकऱ्यांच्या जाहिराती बघण्याआधी ते पान बघा. वनस्पतिशास्त्र घेतलेला माणूस बियाणं कंपनीत गुणवत्ता तपासतो किंवा विमा कंपनीत पिकांच्या नुकसानीचा अंदाज काढतो, हे आपल्याला गावात कोण सांगणार?

मला तिथं येणारे निरोप मात्र बहुतेक एकाच साच्याचे: "सर, जॉब आहे का?" यावर मी 'नाही' याशिवाय काय लिहू? त्याऐवजी असं विचारा: "मॅडम, मी आपल्याच कॉलेजमधून यंदा बी.एस्सी. झाले. माती परीक्षणाचा प्रकल्प केला आहे. तुमच्या कामात दिवसभर नेमकं काय करावं लागतं, ते समजून घ्यायचं आहे. पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का?" दहांतले सात उत्तर देणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, आठव्याला विचारा. इंग्रजी कच्चं असेल तर साधी चार वाक्यं पुरतात. नाहीतर सरळ मराठीत लिहा, समोरचा बहुधा आपल्याच जिल्ह्यातला, श्रीगोंद्याचा किंवा शेवगावचा असतो. आणि स्वतःच्या माहितीत 'मेहनती, प्रामाणिक' असं लिहू नका. काय केलंत ते लिहा. बापाच्या डाळिंबाच्या बागेचा जमाखर्च तुम्ही ठेवत असाल, तर तोही अनुभवच आहे.

लिंक्डइनवर रोज कुणीतरी 'कळवण्यास आनंद होतो की' म्हणून बढतीची बातमी देत असतं. ती वाचून खचू नका. लग्नपत्रिकेत कुणी कर्जाचा आकडा छापत नाही. नोंदणी फी, प्रशिक्षणाची अनामत असलं काही कुणी मागितलं, तर तिथंच थांबा. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. मुलींनो, अनोळखी माणसाच्या प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही, आणि मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा ठेवायची गरजही नाही.

या माध्यमातून नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. जिल्ह्यात कारखाने नसतील तर ते कुठलंही संकेतस्थळ उभे करणार नाही. कुठं काय आहे आणि तिथवर कोण पोचलं, एवढंच त्यातून कळतं.

शेवटची विनंती प्राचार्यांना. 'नॅक'कडून कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं असलं की आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होतो, फोटो निघतात आणि नावांची फाइल कपाटात जाते. ती फाइल या मुलांच्या हातात द्या. येत्या सोमवारीच द्या.