सॉकेट का निखळतं?

चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच मोबाइल चार्ज होतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. मोबाइलच्या आतल्या सर्किट बोर्डावर चार्जिंगचं सॉकेट बसवतात ते सोल्डरने, म्हणजे कथिलाच्या डाखाने. हा डाख वीज उत्तम वाहून नेतो, पण ओढाताण सोसणं हे काही त्याचं काम नव्हे. त्याखालचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी, केसापेक्षा पातळ. केबलला हिसका बसला की सॉकेट पहारीनं उचकटावं तसं उचकटतं आणि तांबं सोलून निघतं. मग नुसता नवा डाख देऊन भागत नाही.

म्हणून चांगल्या सॉकेटच्या धातूच्या कवचाला पाय असतात. ते बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात आणि तिथेच पक्के होतात. जुन्या संगणकाच्या मॉनिटरची केबल आठवा. दोन्ही बाजूंना स्क्रू! कटकट वाटायची खरी, पण ओढ बसली तरी ती डाखापर्यंत फारशी पोचायची नाही. आताचं यूएसबी टाइप-सी सॉकेट १०,००० वेळा काढघाल सोसेल असं धरून बनवतात. पण ती सरळ काढघाल, हिसके नव्हेत.

तेव्हा केबल काढताना वायर ओढू नका, पिनेलाच धरा.