तार उतरते तेव्हा

तंबोरा हे सर्वांत सोपं वाद्य, असा आपल्याकडे एक समज आहे. चार तारा, त्या एकामागून एक छेडायच्या. पडदे नाहीत, ताल सांभाळायचा नाही. मीही तसंच समजत होतो. एका पावसाळ्यात हा समज दूर झाला, पण त्याची किंमत घरातल्या तंबोऱ्याने मोजली. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आमचं घर कोकणातलं. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. नाट्यसंगीताचं त्यांना वेड. 1968 साली त्यांनी मिरजेहून तंबोरा आणला, तोही एसटीत त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढून. घरात भांडी कमी होती, पण तंबोऱ्याला गवसणी होती. अब्बा गेले आणि तंबोरा माझ्या मुलीकडे आला. ती गाणं शिकत होती.

त्या वर्षी श्रावणात तक्रार सुरू झाली. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडाच्या, चौथी खर्जाची. मुलगी मन लावून चारही तारा जुळवी. दहा मिनिटांत जोड बिघडे. पुन्हा जुळवी, पुन्हा तेच. आम्ही दोनदा तारा बदलल्या. शेवटी मी तंबोरा गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मिनिटभर ऐकलं, म्हणाला, ‘जवारी गेली,’ आणि घोडीवर कानस चालवली. घरी आणून पाहिलं, तर स्वर पूर्वीसारखाच उतरत होता. शिवाय आता आवाज पत्र्यावर पाणी पडावं तसा येऊ लागला.

इथे जवारीबद्दल थोडं सांगायला हवं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो योग्य जागी आला की साधा टणत्कार संपतो आणि भरलेला, गुंजणारा नाद सुरू होतो. सर सी. व्ही. रामन यांनाही याचं कुतूहल वाटलं होतं. तार जिथे छेडावी त्यानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात, असं त्यांनी 1921 साली दाखवून दिलं. ही सगळी किमया केसाएवढ्या उताराची. घोडीवर तारांचे चर पडले की तो उतार पुन्हा घडवावा लागतो, पण ते शेवटचं काम. कारण घासलेलं हाड परत जोडता येत नाही.

महिन्याभराने मी आंबा घाट चढून मिरजेला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. त्यांचं घराणं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं. तलवारींचे दिवस सरले आणि ते कसबी हात भोपळ्याकडे वळले. हा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि 1937 मध्ये इथल्याच मातीत विसावले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

सतारमेकर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर मी तंबोरा ठेवला. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. विचारलं, ‘ठेवता कुठं ह्याला?’

‘खिडकीशेजारी, भिंतीला टेकवून.’

‘भिंत आतली का पावसाची?’

पावसाची होती. मग दुसरा प्रश्न आला, ‘चारी तारा उतरतात का एकच?’

मला सांगता येईना. चाचा हसले. ‘मास्तर, मग दुरुस्त काय करून घ्यायला आलात?’

त्या दुपारी चाचांनी जे शिकवलं ते असं. चारही तारा एकदम चढल्या किंवा उतरल्या, तर दोष हवेचा. लाकूड आणि भोपळा दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. अशा वेळी वाद्याची जागा बदलावी आणि वाट पाहावी. एकच तार उतरत असेल, तर ती नवी आहे का ते पाहावं. नवी तार दोन-तीन दिवस ताणत राहते. तिला हलकेच ओढून पुन्हा लावावं. खुंटीवर वेढे एकावर एक चढले असतील, तर तेही सावकाश बसतात आणि स्वर खाली येतो. तार कधी दांडीवरच्या भोकात अडकते. आपण खुंटी पिळतो, पण ताण पुढे पोचत नाही, आणि मग अचानक टक्‌कन सुटतो. म्हणून स्वर नेहमी खालून वर आणावा. शेवटचा केसाएवढा फरक मण्याने काढावा.

यातलं काहीच नसेल, तर खुंटी पाहायची. ती छिद्रात फक्त घर्षणावर उभी असते. चाचांनी खुंटी आणि दांडी यांवरून पेन्सिलीची एक सरळ रेघ ओढली, जोड लावला आणि चहा मागवला. चहा संपल्यावर पाहिलं, तर रेघ तुटली होती. दोरा जाईल एवढीच, पण तुटली होती. खुंटी गुळगुळीत झाली होती, इतकंच. चाचांनी ती काढून खडूवर घासली आणि आत दाबत पुन्हा बसवली. दुरुस्ती झाली. घोडीचा काही दोषच नव्हता.

जाता जाता त्यांनी मुलीसाठी निरोप दिला, ‘पेटीवर लावू नका, कानानं लावा.’ पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा थोडा चढा असतो. उलट जोडाच्या दोन तारा ऐका. एक सेकंदाला 140 वेळा आणि दुसरी 141 वेळा कंप पावत असेल, तर दर सेकंदाला आवाजाची एक लाट येते. तारा जवळ आल्या की लाट संथ होते आणि जुळल्या की थांबते. मग खर्जातून गांधार आपोआप उमटतो. त्याची तार तंबोऱ्यावर नसतेच. म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

घासलेली घोडी सावरायला चाचांना दोन दिवस लागले. तंबोरा बोलू लागला. तो ऐकून ते म्हणाले, ‘आवाज चांगला लागलाय. पण पहिला आवाज आता मिळायचा नाही.’ खरं होतं. अब्बांच्या पहाटेचा तो घुमारा मी एका घाईपायी घालवला. खडूचं काम मी कानशीला दिलं होतं.

तंबोरा आता आतल्या भिंतीशी असतो. त्याच्या गवसणीला मुलीने एक खिसा शिवला आहे. त्यात एक पेन्सिल असते आणि खडूचा एक तुकडा.